साडेअकरा वर्षांत सात गाड्या: पुन्हा बदलावी, की आहे तीच घडवावी?

अस्थिरचक्र:

गेल्या साडेअकरा वर्षांत माझ्याकडे सात गाड्या आल्या, त्यांतल्या सहा गेल्या आणि सातवी दारात उभी आहे. एकही अपघातात सापडली नाही की भंगारात निघाली नाही. सगळ्या उत्तम चालत्या स्थितीत मीच विकल्या. घटनाक्रम दर वेळी जवळपास सारखाच असतो. पहिले दोन महिने गाडीच्या कौतुकात जातात, तिसऱ्या महिन्यात पिकअप कमी वाटू लागतो, मग ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रिमॅप होतो (प्रोग्रॅम बदलून शक्ती वाढवली जाते), त्यामागोमाग एअर इनटेक, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, एक्झॉस्ट आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा येतात, आणि दीड वर्षाच्या आतबाहेर एखाद्या रात्री मी दुसऱ्याच गाड्यांच्या जाहिराती वाचत बसलेला असतो.

सध्याची गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल आहे, म्हणजे तिच्या इंजिनात टर्बो हवा दाबून भरतो. ताकद पुढच्या चाकांना जाते आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार तिची शक्ती २२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि टॉर्क ३५० न्यूटन-मीटर होता. रिमॅपनंतर डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, २७८ पीएस आणि ४३० न्यूटन-मीटर दिसले. आता चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की इंजिनाच्या फेऱ्या चढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणजेच क्लच घसरतो आहे. माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. एक तर भक्कम क्लच आणि मोठा टर्बो बसवून हीच गाडी पुढे न्यावी, किंवा ती विकून मागच्या चाकांवर चालणारी, मोठ्या इंजिनाची आठवी गाडी घ्यावी. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

न्यूट्रल:

आठवी गाडी कोणती घ्यावी एवढेच विचारायचे होते, तर आधीच्या सात गाड्यांना साक्षीला बोलावण्याची काही गरज नव्हती.

नकाशेकर:

रिमॅप करून देणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे, तेव्हा माझे मत तेवढे लक्षात ठेवून वाचावे.

कंपनीने इंजिनात काही शक्ती दडवून ठेवलेली असते आणि आम्ही कुलूप उघडून ती मोकळी करतो, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कंपनीची मूळ फाइल, म्हणजे ईसीयूमधला मूळ प्रोग्रॅम, हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर, कडक उन्हात, उंच डोंगरावर, मुदत उलटलेल्या ऑइलवर आणि अर्धवट चोंदलेल्या एअर फिल्टरवरही इंजिनाला सुखरूप ठेवील अशी असावी लागते, आणि त्यासाठी मोठी राखीव जागा सोडलेली असते. आम्ही जे देतो ते त्या राखीव जागेतूनच काढून देतो. म्हणून रिमॅप केलेल्या गाडीच्या मालकाने पेट्रोल, ऑइल आणि स्पार्क प्लग यांच्या बाबतीत आळस केला, तर तो कंपनीच्या गाडीतल्या आळसापेक्षा जास्त महागात पडतो.

एक साधा हिशेब मांडतो. मूळ बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब, ०.८ बार असेल, तर वातावरणाचा १ बार धरून इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब १.८ बार होतो. बूस्ट १.२ केला की तो २.२ होतो, म्हणजे कागदावर हवा २२ टक्क्यांनी वाढते. परंतु हवा दाबली की तापते, आणि टर्बोला त्याच्या सोयीच्या टप्प्याबाहेर पळवले तर ती आणखी तापते. तापलेली हवा विरळ असतेच, शिवाय ती नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण आपोआप भडकण्याला, आमंत्रण देते. नॉकिंग कानी पडताच ईसीयू ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि मिळवलेल्या शक्तीतला बराचसा वाटा परत जातो. पूर्ण भारावर मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या रासायनिक प्रमाणावरून साडेबाराच्या आसपास आणावे लागते, तेही बऱ्याच अंशी तापमान आवरण्यासाठीच. त्यामुळे मोठा इंटरकूलर ही तुमच्या यादीतली सर्वांत शहाणी खरेदी होती, असे मी म्हणेन.

‘स्टेज १’ आणि ‘स्टेज २’ ही रिमॅपच्या पायऱ्यांची नावे मात्र कोणत्याही मानकात नाहीत. एकाचा स्टेज २ हा दुसऱ्याच्या स्टेज १ पेक्षा सौम्य असू शकतो.

आता क्लचविषयी. तो ३५० न्यूटन-मीटर आणि त्यावर थोडा वाव धरून निवडलेला आहे, आणि तुम्ही त्यावर सुमारे २३ टक्के जास्त ओझे टाकले आहे. भक्कम क्लच बसवला की घसरणे थांबेल. पण तो आघात मग गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि इंजिन माउंट यांच्याकडे सरकेल. साखळीतला पुढचा कच्चा दुवा कोणता हे आधी शोधून मगच मोठ्या टर्बोचा विचार करावा. प्रत्येक भागाची मर्यादा वेगळी असते, याचे एक उदाहरण: फोक्सवॅगन समूहाचा कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, तर ओल्या क्लचचा डीक्यू२५० हा ३५० साठी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ‘डीएसजी’च (दोन क्लचचे स्वयंचलित गिअरबॉक्स) दिसतात, आणि एकावर शोभलेली फाइल दुसऱ्यावर चढवण्याचा आग्रह धरणारे ग्राहक माझ्याकडे नियमितपणे येतात.

मोजूनमापून:

नकाशेकरांशी बव्हंशी सहमत आहे. माझा प्रश्न मूळ लेखकांना आहे: २७८ हा आकडा नेमका कशाचा आहे? तो चाकांवर मोजलेला आहे, की त्यात वाटेतला अंदाजे तोटा मिळवून इंजिनावरचा म्हणून सांगितला आहे? तापमान आणि हवेचा दाब यांसाठी कोणती दुरुस्ती लावली होती? रिमॅपच्या आधी त्याच यंत्रावर, त्याच टायरच्या हवेवर गाडी चढवली होती का? रोलरच्या डायनोवर टायरमधली हवा आणि पट्ट्यांचा ताण बदलला तरी निकाल हलतो. एककाचे म्हणाल, तर २७८ पीएस म्हणजे सुमारे २७४ बीएचपी. तेवढ्या फरकावर लोकांनी मैत्री तोडल्याचे मी पाहिले आहे.

अस्थिरचक्र:

रिमॅपच्या आधी डायनोवर गाडी चढवली नव्हती. मूळ आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातला आहे. मात्र मी सूत्राने पडताळणी केली: किलोवॅट म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या भागिले ९,५४९. माझ्या आलेखात ५,५०० फेऱ्यांवर २७८ पीएस आहेत, आणि तिथे टॉर्क ३५५ दिसतो. हिशेब तंतोतंत जुळतो, त्यामुळे मोजणी विश्वासार्ह असावी.

मोजूनमापून:

तो जुळणारच. यंत्र एकच गोष्ट मोजते आणि दुसरी याच सूत्राने काढून कागदावर छापते. दोन्ही आकडे एकाच आईची लेकरे असल्यावर ते एकमेकांची साक्ष काढू शकत नाहीत. मोजणी चुकीची असेल तर दोन्ही सारख्याच चुकतील आणि तरीही हिशेब जुळेल. खरी पडताळणी करायची, तर बंदिस्त ट्रॅकवर चौथ्या गिअरमध्ये ८० ते १२० किलोमीटर हा वेग गाठायला लागणारा वेळ दोन्ही दिशांनी मोजावा, टाकीत इंधन सारखे ठेवावे, आणि बदल एका वेळी एकच करावा. तुम्ही इनटेक, इंटरकूलर आणि एक्झॉस्ट किती दिवसांच्या अंतराने बसवले?

अस्थिरचक्र:

तिन्ही एकाच शनिवार-रविवारी बसवले.

न्यूट्रल:

मग त्यांतल्या दोन वस्तू आजही गाडीत निव्वळ प्रवासी म्हणून बसलेल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

जुनीचसोबत:

माझ्याकडे एकच गाडी एकोणीस वर्षे आहे, टर्बो नसलेली, कारखान्यातून आली त्याच ईसीयूवर चालणारी. मला शक्तीचे आकर्षण नाही असे कोणी समजू नये. पण ‘गाडी थकली’ हे शब्द आपण फार लवकर उच्चारतो असे माझे निरीक्षण आहे. दहाएक वर्षांची गाडी हातात ढिली लागते तेव्हा इंजिन क्वचितच थकलेले असते. थकलेले असते ते रबर: चाकांना धरणाऱ्या कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यांतले रबर), इंजिन माउंट, शॉक अॅब्सॉर्बरच्या वरचे माउंट. ते इतके हळूहळू मरते की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. मी दोनदा सगळे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर बदलले, आणि दोन्ही वेळा नवी गाडी घेतल्याचा आनंद झाला. मूळ लेखकांनी सात गाड्यांपैकी कितींचे बुश बदलले होते?

दुसरा प्रश्न ब्रेक ऑइलचा आहे. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; हवेतली आर्द्रता शोषून त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकानुसार तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. १०० ऐवजी १२० किलोमीटर वेगावरून थांबायचे झाले, तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. अठ्ठावन्न पीएस वाढवणाऱ्या माणसाने ब्रेक ऑइल केव्हा बदलले होते?

तेलकटहात:

जुनीचसोबत यांचे रबराविषयीचे म्हणणे गॅरेजवाला म्हणून मी शंभर टक्के मान्य करतो. मात्र एकाच गाडीशी एकनिष्ठ राहण्याचा जो सूर त्यांच्या लिखाणातून निघतो, तो मला मान्य नाही. एकोणीस वर्षे एकच गाडी चालवणाऱ्याला त्या गाडीचे उत्तम ज्ञान असते. गाड्यांचे असतेच असे नाही. पुढच्या चाकांची गाडी वळणात वेग जास्त झाला की नाक बाहेर काढते, मागच्या चाकांची गाडी चुकीच्या वेळी पाय दाबला की शेपूट बाहेर काढते, आणि टर्बोची गाडी तुमच्या पायाला क्षणभर उशिरा उत्तर देते. हे सगळे वाचून कळत नाही, त्यासाठी गाड्या बदलाव्याच लागतात. सात गाड्या म्हणजे सात गुरू झाले. गुरूला शिकवू देण्याआधीच त्याचा वेश बदलण्याची घाई मात्र झालेली दिसते.

स्प्रिंगांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद होतात. गाडी खाली बसली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून ती वळणात कमी कलेल, असे सरळ गणित लोक मांडतात. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीत ते इतके सरळ राहत नाही. गाडी खाली आली की खालचा आर्म आडवा न राहता चाकाच्या बाजूला वर चढू लागतो, आणि त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोघांमधले अंतर वाढते आणि गाडी कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे गाडी दिसते बसकी, पण कलण्याची ओढ वाढलेली असते, आणि ती ओढ लपवण्यासाठी स्प्रिंगा आणखी कडक कराव्या लागतात. त्यातच शॉक अॅब्सॉर्बर जुनेच ठेवलेले असतात; त्यांचा प्रवास अपुरा पडून गाडी प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, आपटते. मग मालक येऊन सांगतो की गाडी आता अगदी रेसिंगसारखी कडक झाली आहे. ती कडक झालेली नसते, ती टेकलेली असते.

मोठ्या रिमचेही तसेच आहे. सतरा इंचांच्या जागी जड एकोणीस इंची रिम घातले की स्प्रिंगांच्या खाली लटकणारे वजन वाढते, आणि तेच वजन प्रत्येक वेळी फिरवावे आणि थांबवावेही लागते. रिमॅपमधून मिळालेले थोडेसे आपण चाकांना वाटून टाकतो.

विजेरी:

विजेच्या गाडीत यांतला निम्मा वाद उरत नाही. टॉर्क शून्य फेऱ्यांपासून हजर असतो, क्लच नसतो, आणि नॉकिंग नावाचा शब्दही विसरायला होतो. तेथेही सॉफ्टवेअरने शक्ती वाढवून मिळते, पण सलग जोरात चालवल्यावर बॅटरी आणि मोटर तापल्या की गाडी स्वतःच शक्ती कमी करते. उष्णतेपासून सुटका कोणाचीच नाही, एवढेच नकाशेकरांच्या मुद्द्याला जोडून नोंदवतो.

तिसराहात:

अस्थिरचक्र यांच्यासारखे लोक ज्या गाड्या विकतात, त्या विकत घेणारा माणूस मी आहे. त्यामुळे या चर्चेत माझा हितसंबंध उघड आहे: अशा लोकांनी गाड्या बदलत राहाव्यात अशीच माझी इच्छा आहे. त्यांच्या गाड्यांना ऑइल वेळेआधी मिळालेले असते आणि पावत्यांची फाइल वजनदार असते. घसाऱ्याचा सर्वांत मोठा घाव पहिल्या काही वर्षांत बसतो आणि तो त्यांनी सोसलेला असतो. बसवलेल्या सुट्या भागांवर केलेला खर्च तर विक्रीत जवळजवळ परत मिळतच नाही. माझ्यासारखा माणूस त्यासाठी वेगळे काही देत नाही, उलट शंका म्हणून थोडे कमीच देतो.

शंका का, तेही सांगतो. विकताना बहुतेक जण मूळ फाइल परत टाकतात आणि ‘गाडीला हातही लावलेला नाही’ असे सांगतात. काही ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रॅमिंग झाले याची नोंद राहते, तिच्यावरून ते पकडता येते. नोंद नसली तरी खुणा असतात: ओरखडलेले क्लॅम्प, कंपनीच्या रंगाशी न जुळणारे नवे नळीचे जोड, आणि एक्झॉस्टच्या टांगणीचे नवेकोरे रबर. मी तीन गोष्टी केल्याशिवाय व्यवहार करत नाही. इंजिन थंड असताना स्वतः चालू करतो. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर पुन्हा येतो. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घेतो. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत दिसली तर लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरातून हवा किती गळते याची तपासणी, मागतो. आणि वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पाय दाबून क्लच पाहतो. तुमच्या गाडीवर मी या तिसऱ्या पायरीवरच थांबलो असतो, आणि क्लचची अख्खी किंमत वजा करून मगच बोलणी केली असती.

नकाशेकर:

तिसराहात यांची तिसरी चाचणी योग्य आहे, पण ती वारंवार करू नये, आणि दुसऱ्याच्या गाडीवर तर जपूनच करावी. लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्या आणि जास्त भार एकत्र आले की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्याला एलएसपीआय म्हणतात. असा एखादा जोरदार स्फोट पिस्टन फोडू शकतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकवू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटमुळे ही शक्यता वाढते असे आढळल्यावर २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने ‘एसएन प्लस’ हा ऑइलचा दर्जा आणला. रिमॅपचा सगळा टॉर्क १,५०० फेऱ्यांवरच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या ग्राहकाला मी नकार देतो तो यासाठी.

मागचीसीट:

मला यांतले तांत्रिक फार कळत नाही, परंतु आमच्या घरी पाच गाड्या येऊन गेल्या असल्याने निरीक्षणाचा अनुभव भरपूर आहे. माझे निरीक्षण असे की, गाडीवर काम चालू असते त्या काळात आमच्याकडे गाडी असते, पण ती मिळत नाही. कधी एखाद्या भागाची वाट पाहत ती गॅरेजमध्ये असते, तर कधी बसवलेला भाग परत काढण्यासाठी. मागच्या गाडीचे दिवस मी एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करून मोजले होते. सोळा महिन्यांत ती चौऱ्याण्णव दिवस गॅरेजात होती, आणि उरलेल्या दिवसांपैकी निम्मे दिवस ‘अजून पक्की बसलेली नाही, फार पळवू नकोस’ अशी ताकीद होती. ती पक्की बसली त्याच महिन्यात विकली गेली. मूळ लेखकांनी प्रत्येक गाडी प्रत्यक्षात किती चालवली, हेही सांगावे.

न्यूट्रल:

मागचीसीट यांनी एका परिच्छेदात डायनोपेक्षा अचूक मोजणी केली आहे.

तेलकटहात:

थोडे विषयाला धरूनच, पण बाजूचे लिहितो. कंपनी राखीव जागा सोडते याचे सर्वांत मजेदार उदाहरण जपानचे आहे. तेथील कंपन्यांनी आपसांत ठरवून २८० पीएसपेक्षा जास्त शक्ती जाहीरच करायची नाही, असा संकेत पाळला होता. १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर घ्या किंवा नंतरच्या सुप्रामधले तीन लिटरचे टूजे इंजिन घ्या, कागदावर दोन्ही २८० च. तेच टूजे इंजिन अमेरिकेत ३२० अश्वशक्तीचे म्हणून विकले जात होते. त्यांचे बिडाचे ब्लॉक इतके दणकट होते की टर्बो बदलून त्यांतून दुपटीहून जास्त शक्ती काढणारे निघाले, आणि ‘ट्यूनिंग केले तरी इंजिनाला काही होत नाही’ हा समज तेथूनच जगभर पसरला. २००४ मध्ये होंडा लेजंड ३०० पीएस सांगून आली आणि तो संकेत संपला. आजच्या इंजिनांत वजन आणि घर्षण वाचवण्यासाठी सगळे घासूनपुसून मोजके केलेले असते. त्या जुन्या इंजिनांच्या कथा त्यांना लावू नयेत.

मोजूनमापून:

या उदाहरणाला एक पुस्ती जोडतो. त्याच १९८९ साली माझदाची एमएक्स-५ आली. १.६ लिटरचे टर्बो नसलेले इंजिन, सव्वाशेच्या आतली अश्वशक्ती, हजार किलोंच्या आतले वजन आणि मागच्या चाकांना ताकद, एवढ्या भांडवलावर त्या मालिकेने २०१६ मध्ये दहा लाख गाड्यांचा टप्पा गाठला. आठव्या गाडीच्या शोधात ‘मोठे इंजिन’ हा शब्द नेमका कुठून आला, असा प्रश्न मला पहिल्यापासून पडलेला आहे.

अस्थिरचक्र:

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ नव्हती. सगळ्या गाड्यांच्या पावत्या आणि वह्या काढून बसलो.

बुश: सात गाड्यांपैकी फक्त एकीचे बदलले होते. ब्रेक ऑइल: सध्याच्या गाडीचे मी एकदाही बदललेले नाही, आधीच्या मालकाने केव्हा बदलले, याचीही पावती नाही. टायर: त्यांवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष वाचले, तेव्हा ते सात वर्षांचे निघाले. नक्षी पुरेशी खोल असल्याने मी त्यांच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. चालवणे: मागचीसीट यांच्या प्रश्नाने सर्वांत जास्त अडचण केली. सहाव्या गाडीवर मी अठरा महिन्यांत जेमतेम सात हजार किलोमीटर काटले होते.

आणि एक गोष्ट अशी निघाली की जी मला आधी कधी दिसली नव्हती. ज्या एका गाडीचे बुश मी बदलले, ती चौथी. १.४ लिटर, टर्बो नाही, शंभराच्या आसपास पीएस. ती माझ्याकडे तीन वर्षे दोन महिने होती, आणि विकल्यावर जिची आठवण येते अशी ती एकटीच आहे. ती एवढी टिकण्याचे कारण माझे प्रेम नव्हते. तिच्या ईसीयूची फाइल कोणाकडेच नव्हती. मी चार ठिकाणी विचारले होते आणि चौघांनी हात वर केले होते. करण्यासारखे दुसरे काहीच नसल्याने मी शॉक अॅब्सॉर्बर, बुश, चांगले टायर आणि ब्रेक पॅड यांवर खर्च केला आणि मग नाइलाजाने ती चालवत राहिलो.

मोजूनमापून:

साडेअकरा वर्षांचे १३८ महिने होतात. त्यांतून चौथीचे ३८ वजा केले, तर उरलेल्या सहा गाड्यांच्या वाट्याला सरासरी सतराच्या आत महिने येतात.

जुनीचसोबत:

मला यावर काही लिहायचे होते, पण ते आधीच सिद्ध झाल्यासारखे वाटते.

तेलकटहात:

सिद्ध काही झालेले नाही. चौथी गाडी होती तेव्हा यांचे वय वेगळे होते, वेळ वेगळा होता. जुन्या गाडीच्या आठवणीत गाडीचा वाटा किती आणि आपला किती, हे डायनोवर निघत नाही. हलक्या, कमी शक्तीच्या गाडीत आपण तिची पूर्ण ताकद रोज वापरू शकतो, हे मात्र खरे कारण असू शकते. २७८ पीएसपैकी शेवटचे शंभर रस्त्यावर वापरायला जागाच नसते, आणि न वापरलेल्या शक्तीचा कंटाळा लवकर येतो. त्या कंटाळ्यावर ३५० पीएस हा उपाय कसा होईल, ते मला समजलेले नाही.

नकाशेकर:

माझ्या धंद्याच्या विरोधात सल्ला देतो. मूळ फाइल परत टाकून दोन महिने चालवून पाहा. ३५० न्यूटन-मीटरवर क्लच घसरणे थांबले, तर त्यात अजून जीव आहे. तरीही घसरला, तर तो जळलेला आहे आणि कोणत्याही निर्णयात तो बदलावाच लागेल. रिमॅपची फाइल कुठे पळून जात नाही.

तिसराहात:

आणि विकायची झालीच, तर मूळ फाइल कोणत्या तारखेला टाकली ते लपवू नका. मी तरी ते सांगणाऱ्याची गाडी आधी पाहतो.

अस्थिरचक्र:

सहा आठवड्यांनंतर लिहितो आहे. मूळ फाइल टाकली आणि क्लच घसरणे थांबले. ब्रेक ऑइल काढले, ते चहापेक्षा काळे निघाले. स्प्रिंगा मूळच्या बसवल्या, नवे शॉक अॅब्सॉर्बर, पुढच्या आर्मचे बुश आणि नवे टायर घातले, आणि या वेळी प्रत्येक कामात आठवड्याचे अंतर ठेवले. सर्वांत मोठा फरक बुशने पडला असे मी सांगू शकतो, आणि असे काही सांगता येण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. आठवी गाडी रद्द झाली असे मात्र मी म्हणणार नाही. जाहिराती अजूनही वाचतो, फक्त आता त्यांत वजनाचा रकाना आधी पाहतो.

एक अडचण उरली आहे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावे लागते. हे पहिल्या दिवसापासून होते, आणि मी रस्त्याचा उतार समजून सोडून देत आलो. अलाइनमेंटच्या कागदावर मागच्या डाव्या चाकाचे टो-इन (चाकाची पुढची कड आत वळल्याचा कोन) ०.०५ अंश आणि उजव्याचे ०.३१ अंश आहे. पुढची दोन्ही चाके समसमान आहेत.

तेलकटहात:

कारण तेच आहे. मागची दोन चाके मिळून गाडीला सुमारे ०.१३ अंश डावीकडे ढकलत आहेत. शेपूट डावीकडे जाते म्हणून नाक उजवीकडे वळू पाहते, आणि ते सरळ ठेवायला तुम्ही स्टिअरिंग डावीकडे धरता. पुढची चाके कितीही वेळा जुळवली तरी हे जाणार नाही. मागचा उजवा टो आधी दुरुस्त करा आणि त्यानंतर पुढची चाके मागच्यांच्या रेषेशी जुळवून घ्या. त्या आर्मचे बुश बदलणार असाल, तर बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना घट्ट करू नका. चाकांवर तिच्या नेहमीच्या उंचीला उभी करून शेवटचा पीळ द्या, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून वर्षभरात फाटेल.

अस्थिरचक्र:

उजव्या आर्मचा समायोजनाचा बोल्ट गंजून धरला आहे. काल त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले आहे, शनिवारी पुन्हा प्रयत्न करतो.

न्यूट्रल:

बोल्ट तुटला तर आठवी गाडी कोणती घ्यावी, यावर माझ्याकडे एक यादी तयार आहे.